मागच्या अंगणातलं जुनं लिंबाचं झाड मुंबईत कसं टिकवायचं

आमची कुर्ल्याला नेहरूनगरमध्ये म्हाडाची जुनी बिल्डिंग, आम्ही तळमजल्याला, त्यामुळे मागची दहा बाय पंधराची जागा आपोआपच आमच्या वाट्याला आलेली. तिथे सासूबाईंनी कागदी लिंबू लावलं होतं. ते पहिलं झाड २००५ मध्ये गेलं. २६ जुलैचा तो पाऊस, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तोच, मागे गुडघाभर पाणी चढलं आणि पूर्ण उतरायला तीन दिवस गेले. पाणी उतरल्यावर झाड अगदी हिरवंगार दिसत होतं, आम्ही म्हटलं वाचलं. गणपतीनंतर पानं पिवळी पडायला लागली, दिवाळीपर्यंत अर्ध्या फांद्या वाळल्या आणि संक्रांतीला झाड संपलेलं होतं. मधल्या चार महिन्यांत आम्ही काय नाही केलं, औषध मारलं, खत घातलं, कोणीतरी सांगितलं बुंध्यात लोखंडी खिळा ठोका तर तोही ठोकला. मुळं खाली कुजत होती आणि आमचे सगळे उपाय वर पानांवर चालले होते.

आत्ताचं झाड २००६ च्या पावसाळ्यात लावलेलं, आता वीसेक वर्षांचं, आणि वर्षाला इतकी लिंबं देतं की शेजारपाजारी वाटून लोणचं घालून परत उरतात. या वीस वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. मुंबईत मोठं झालेलं लिंबू किडीने सहसा मरत नाही, ते मरतं जमिनीपासून दोन-तीन फुटांत, म्हणजे बुंधा आणि वरवरची मुळं. म्हणून मी इथे खालून वर जाणारे. पानं खाणारी अळी बघून घाबरून हा लेख उघडला असेल तरी आधी खालचं वाचा, अळी कुठे पळून जात नाही.

पहिलं काम, बुंधा मोकळा करा

झाडापाशी जा, खाली बसा आणि बुंधा जमिनीत शिरतो ती जागा बघा. तिथे मुळांचा थोडा फुगवटा, म्हणजे मुळं फुटायला लागतात तो भाग दिसायला पाहिजे. बुंधा खांबासारखा सरळ मातीत गेला असेल तर समजायचं की वर्षानुवर्षं कोणीतरी माती चढवलीये. सोसायट्यांमध्ये हे हमखास असतं, झाडाभोवती विटांचा कट्टा बांधायचा, त्यात लाल माती भरायची, वर तुळस नाहीतर मोगरा लावायचा. दिसायला छान, पण लिंबाची साल सतत ओल्या मातीत राहिली की तिथे बुरशी शिरते आणि डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळायचा रोग, होतो. माती हळूहळू हाताने किंवा खुरप्याने बाजूला करा, मूळ फुगवटा दिसेपर्यंत, घाई करून साल सोलवटू नका. पेव्हर ब्लॉक अगदी बुंध्याला खेटून बसवले असतील तर निदान तीन फुटांच्या घेरातले काढून घ्या. आमच्याकडे यावरून सोसायटीत दोन मीटिंगा झाल्या, शेवटी आमच्या ह्यांनी रविवारी सकाळी स्वतःच पहारीने उचकटले.

मग बुंध्यावर बोटांनी चाचपून बघा. सालीतून पिवळट तपकिरी डिंकाचे थेंब येतायत का, साल कुठे काळपट ओलसर आहे का, दाबल्यावर मऊ लागते का. डिंक दिसला तर धारदार चाकूने तेवढीच कुजलेली साल खरवडायची, खालचं निरोगी हिरवट पांढरं लागेपर्यंत, जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवायची (लिटरला १० ग्रॅम), सुकू द्यायची आणि वर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप, कृती पुढे आहे) लावायची. खरवडलेली साल तिथेच टाकू नका, कागदात गोळा करून कचऱ्यात. सालीचा कुजका पट्टा बुंध्याच्या अर्ध्याहून जास्त घेराला गेला असेल तर खरं सांगते, झाड वाचणं कठीण, पण एका बाजूलाच असेल तर चांगली वाचतात, आमच्या शेजारच्या विंगमधलं सहा वर्षं झाली उभं आहे.

बोर्डो पेस्ट, घरी करायची

ही एक गोष्ट शिकलात तरी बाकीचं निम्मं सोपं होतं. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. दोन प्लास्टिकच्या बादल्या किंवा जुने डबे घ्या, लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, मोरचूद त्याला खातं. मोरचूद आदल्या रात्री अर्धा लिटर पाण्यात भिजत घाला कारण खडे लवकर विरघळत नाहीत. चुना दुसऱ्या डब्यात थोडं थोडं पाणी घालून विरवा, कळीचा चुना पाणी लागलं की उकळल्यासारखा तापतो तेव्हा तोंड वर धरून उभं राहू नका आणि पोरांना लांब ठेवा, मग गाळून घ्या. आता मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओता, लाकडी काठीने ढवळत. आकाशी निळा घट्टसर लगदा होतो. त्यात चकचकीत लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढा, खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून थोडी चुन्याची निवळी घाला आणि परत बघा. झाडात ठोकायचा तो खिळा इथे वापरा, खिळ्याचा लिंबाला असलेला उपयोग एवढाच.

जुन्या रंगाच्या ब्रशने बुंध्याला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत लावा, फांद्यांच्या बेचक्यातही. त्याच दिवशी वापरून संपवायची, उरलेली ठेवून उपयोग नाही. वर्षात दोनदा, एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात (मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो असं धरतात, पण लवकर आला तर फजिती नको) आणि एकदा पाऊस गेल्यावर ऑक्टोबरमध्ये. मोरचूद कृषी सेवा केंद्रात मिळतं, पण कुर्ला-घाटकोपरला कृषी केंद्र शोधत हिंडण्यापेक्षा कल्याण, वसई, पनवेलकडे कोणी जाणारं असेल तर सांगून आणवा, नाहीतर ऑनलाइन येतंच.

सोसायट्यांमध्ये जो गेरू-चुना लाल पांढरा पट्टा मारतात तो म्हणजे बोर्डो पेस्ट नव्हे. त्याने खोडाला ऊन कमी लागतं हे खरं, बुरशीवर मात्र मोरचुदासारखा परिणाम होत नाही.

माती आणि डेब्रिज

मुंबईतल्या कंपाउंडमध्ये दीड फूट खणलंत की माती संपते आणि विटांचे तुकडे, सिमेंट, टाइल्स सुरू होतात. बिल्डिंग बांधताना भरणी अशीच केलेली असते. या सिमेंट-चुन्यामुळे माती खारट नाही पण अल्कली होते आणि मग मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. नवीन पालवी पिवळी आणि त्यात शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारख्या, असं दिसलं की हेच. मोठ्या झाडाखालची माती बदलता येत नाही, बदलायला जाऊही नका, लिंबाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच पसरलेली असतात, खणलंत की तीच तुटतात. वरून सुधारायचं. दरवर्षी कुजलेलं शेणखत, पालापाचोळा यांचा थर देत राहायचं, गांडुळं खाली उतरवतात. लोहासाठी फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम आणि झिंकसाठी झिंक सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, नवीन पालवी अर्धी मोठी झाली की फवारायचं, झिंकच्या पाण्यात चिमूट-दोन चिमूट चुना घालायचा म्हणजे पानं भाजत नाहीत. एवढा खटाटोप नको असेल तर बाजारात मायक्रोन्यूट्रियंट ग्रेड २ म्हणून फवारणीचं मिश्रण मिळतं ते आणा.

पानांचा पिवळेपणा वाचायला शिका, डॉक्टर जसा जीभ बघतो तसं. जुनी खालची पानं सगळीच एकसारखी पिवळी, म्हणजे नत्र कमी. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि देठापाशी हिरवा उलटा व्ही राहिलेला, म्हणजे मॅग्नेशियम, त्याला एप्सम सॉल्ट लिटरला १० ग्रॅम फवारा. नवीन पानं बारकी, अरुंद, शिरांमध्ये पिवळे पट्टे, म्हणजे झिंक. आणि पानाच्या एका अर्ध्यात पिवळे डाग, दुसऱ्या अर्ध्यात वेगळीकडेच, दोन्ही बाजू एकमेकींशी जुळतच नाहीत, असं असेल तर मात्र काळजीचं. तो ग्रीनिंग रोग असू शकतो, सायला नावाच्या बारक्या किड्याने पसरतो आणि त्याच्यावर औषध नाही. फळंही वेडीवाकडी, एका बाजूने हिरवीच राहतात. पण एका पानावरून घाबरू नका, आधी झिंक-लोह देऊन दोन पालव्या वाट बघा.

खारट पाणी हा अजून एक मुंबईचाच प्रॉब्लेम. बहुतेक सोसायट्या झाडांना बोअरवेलचं पाणी देतात आणि खाडीच्या जवळपासच्या बोअरला खारटपणा असतो, लिंबाला तो अजिबात सोसत नाही. पानांची टोकं आणि कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात, मातीवर पांढरी पापडी येते. वॉटर प्युरिफायरवाल्याकडे पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर असतो, बोअरचं पाणी मोजून घ्या, हजारच्या वर दाखवत असेल तर ते पाणी गाड्या धुवायला ठेवा. आम्ही डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत साठवतो, उन्हाळ्यात त्यावरच निम्मं काम भागतं. आणि पावसाळ्यात एवढा पाऊस पडतो त्याचा हा एक फायदा, साठलेला क्षार धुऊन खाली जातो.

पाणी किती आणि कुठे

पाणी बुंध्यात ओतायचं नाही. लोक पाइप बुंध्यापाशी टाकून आत जातात, सिरीयल बघतात आणि तासाने नळ बंद करतात, डिंक्याला याहून चांगलं आमंत्रण नाही. बांगडी पद्धत करा. बुंध्याभोवती दीड-दोन फुटांवर मातीचा एक छोटा बांध, आणि दुसरा बांध फांद्यांचा घेर संपतो तिथे, दुपारी बारा वाजता सावली पडते साधारण तेवढा. पाणी आणि खत या दोन बांधांच्या मधल्या पट्ट्यात, आतला गोल कोरडा राहिला पाहिजे, आणि बुंध्याकडून बाहेर थोडा उतार.

किती द्यायचं ते पाठ करू नका, बोटाने बघा. त्या पट्ट्यात चार इंच खाली बोट घाला, माती ओलसर लागली तर आज पाणी नाही. आमच्या झाडाला मार्च ते मे चार दिवसांनी तीन बादल्या, म्हणजे पन्नासेक लिटर लागतं, थंडीत आठ-दहा दिवसांनी तेवढंच पुरतं, पावसाळ्यात अर्थातच काही नाही. रोज एक तांब्या घालणाऱ्यांनो, त्याने वरचा इंचभर भिजतो आणि मुळं वरच राहतात, मग तुम्ही दोन दिवस गावाला गेलात की झाड माना टाकतं. उन्हाळ्यात त्या पट्ट्यावर सुक्या पानांचं तीन-चार इंचांचं आच्छादन घाला, बुंध्यापासून फूटभर लांब, आणि मेच्या शेवटी ते ओढून बाजूला करा, भर पावसात ओलं आच्छादन ठेवायचं नाही.

पावसाळ्यात काम एकच, पाणी साचू द्यायचं नाही. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन मागे जाऊन उभं राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं ते बघा. वरच्या गच्चीचा पाइप झाडाच्या आळ्यात सुटत असेल तर त्याला एक लांब तुकडा जोडून गटाराकडे वळवा. आळ्याचा बाहेरचा बांध जूनमध्ये फोडून टाका आणि उताराच्या बाजूला वीतभर खोल चर काढा. लिंबाच्या मुळांना हवा लागते, दोन दिवसांच्या वर पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात, आणि त्याचा परिणाम वर दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून तर आम्ही फसलो. कधी तुंबलंच तर पाणी काढल्यावर माती वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण चिखल नाही अशी झाली की वरचा थर हलका उकरा, बोर्डो पेस्ट परत लावा आणि महिनाभर खत अजिबात देऊ नका. दमलेल्या माणसाला जिलेबीचं ताट देण्यासारखं होतं ते.

खत

वर्षातून एकदा, पाऊस सुरू व्हायच्या थोडं आधी, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा सोसायटीचं कंपोस्ट आणि दोन किलो निंबोळी पेंड. आरेच्या तबेल्यांतून शेण आणणारे असतात पण ताजं शेण गरम पडतं, पाच-सहा महिने कुजलेलं, हाताला मातीसारखं लागणारं पाहिजे. शिवाय रासायनिक द्यायचं असेल तर आम्ही सुफला १५-१५-१५ देतो, आपल्या चेंबूरच्या आरसीएफचं, अर्धा किलो एका वेळी, वर्षात तीनदा: जूनचे पहिले पाऊस झाल्यावर, ऑक्टोबरमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीत कळ्या दिसायला लागल्या की. ओल्या मातीवर पसरायचं, हलकं मिसळायचं, लगेच पाणी. नगर-सोलापूरकडचे बागायतदार याच्यापेक्षा जास्त देतात पण त्यांना किलोचा हिशोब असतो, आपण नुसता युरिया मारला तर झाड नुसतं माजतं, हातभर काटे आणि गडद पानं, लिंबू एक नाही.

किचनमधला ओला कचरा थेट आळ्यात टाकू नका. साल-देठं कुजतील ते सोडाच, आधी घुशी येतात. घूस मुळांखाली बीळ करते आणि मुळं उघडी पडतात, आमच्याकडे एका पावसात झाड चक्क कलंडलं होतं, बांबूचा टेकू देऊन बीळ दगड-मातीने भरून सरळ केलं.

छाटणी

लिंबाला गुलाबासारखी छाटणी लागत नाही. वाळलेल्या काड्या म्हणजे सल, त्या दरवर्षी काढायच्या, वाळलेल्या भागाच्या खाली हिरव्यात अर्धा-पाऊण इंच जाऊन. बुंध्यातून किंवा जाड फांदीतून सरळ वर उसासारखे जाणारे, जाड, मोठ्या काट्यांचे फुटवे येतात ते पाणसोट, कोवळे असतानाच मुळापासून काढा, ते फळ देत नाहीत आणि अन्न खातात. झाड कलमाचं असेल तर जोडाच्या खालून येणारं प्रत्येक फूट खुंटाचं, ज्या रोपावर कलम बांधलं त्याचं, आहे, म्हणजे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचं, ते वाढू दिलं तर काही वर्षांनी तुमचं कागदी लिंबू जातं आणि जाड सालीचं खडबडीत फळ येतं, मग लोक म्हणतात झाड बदललं. एकमेकींना घासणाऱ्या दोन फांद्यांतली एक काढा, आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत साफ करा, म्हणजे पावसाचे मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. बस. मधला भाग पूर्ण उघडा करू नका, मेच्या उन्हात साल भाजते.

वेळ म्हणजे डिसेंबर-जानेवारी, कोरडी हवा. पावसात सिकेटर (छाटणीची कात्री) लावला की खैऱ्या, हा फोडांचा रोग पुढे येतोच, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर तुम्हीच नेता. हत्यार स्पिरिटने पुसा, अंगठ्यापेक्षा जाड जखमेला बोर्डो पेस्ट. आणि एक कायद्याचं, मुंबईत झाड तुमच्या कंपाउंडमधलं असलं तरी मोठ्या फांद्या तोडायला महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधल्या उद्यान खात्याची परवानगी लागते, १९७५ चा झाडांचा कायदा आहे. सलीच्या काड्या काढायला कोणी विचारत नाही, पण मनगटाएवढी फांदी कापायची तर आधी अर्ज करा, नाहीतर वरच्या मजल्यावरचे फोटो काढून तयारच असतात.

आता कीड आणि रोग

खैऱ्याचं आधी. पानांवर, काड्यांवर, फळांवर खरबरीत तपकिरी फोड, भोवती पिवळं वलय. हा जिवाणूजन्य रोग आणि कागदी लिंबाला सगळ्यात जास्त होतो, वारा-पाऊस असला की उडतो, त्यामुळे आपल्या हवेत पूर्ण जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. मेमध्ये खैऱ्या असलेल्या काड्या काढून टाका आणि एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा, म्हणजे पेस्टसारखंच पण १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. पावसाळ्यात चार दिवस उघडीप मिळाली की परत, महिन्याने परत. बोर्डो करायचा कंटाळा असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम. भर फुलोऱ्यात नको, दुपारच्या उन्हात नको, मास्क आणि हातमोजे घालून, आणि त्यानंतर दोनेक आठवडे फळं तोडू नका आणि तोडल्यावर चोळून धुवा. खैऱ्याचं लिंबू खायला चालतं, डाग सालीवरच असतो, लोणच्याला मात्र सासूबाई घेत नाहीत.

पानांवर चांदीसारख्या वळणावळणाच्या रेघा, पान चुरडलेलं, म्हणजे पाने पोखरणारी अळी. फक्त कोवळ्या पानांत जाते. लहान रोपाला त्रास होतो, वीस वर्षांच्या झाडाला काही फरक पडत नाही, पण त्या जखमांतून खैऱ्या शिरतो म्हणून पालवी फुटत असताना कडुलिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, त्यात थोडं लिक्विड सोप ढवळून, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने दोनदा.

पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवी, हात लावला की डोक्यातून केशरी शिंगं काढून वास सोडणारी ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. हाताने वेचा. मी तर चार-पाच सोडूनच देते, झाड त्याच्या पुढच्या पालवीत भरून काढतं, आणि सकाळी दयाळ येऊन निम्म्या उचलतो. याच्यासाठी विषारी औषध मारणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

पानं काळी, काजळी धरल्यासारखी, चिकट? ती कोळशी. रोग पानाचा नाही, वर कुठेतरी काळी माशी, मावा किंवा पिठ्या ढेकूण बसलाय, त्याच्या चिकट गोडव्यावर ही काळी बुरशी वाढते. पानं उलटी करून बघा. पाइपचा जोरदार फवारा खालच्या बाजूने मारा, मग साबणाचं पाणी, लिटरला ५ मिली, तीन-चार दिवसांनी परत. बुंध्यावरून मुंग्यांची रांग चाललीये का तेही बघा, काळ्या मुंग्या या किड्यांची राखण करतात. बुंध्याला रुंद सेलोटेप गुंडाळून टेपवर ग्रीस लावा, सालीवर थेट नको. किडे गेल्यावर उरलेली काजळी घालवायला पातळ पेज गाळून फवारायची, उन्हात वाळली की पापुद्र्यासारखी काजळी घेऊन पडते. पानांची घरटी शिवणाऱ्या लाल मुंग्या, सिंधुदुर्गात आमच्याकडे हुमले म्हणतात, त्या मात्र अळ्या फस्त करतात. चीनमध्ये संत्र्या-लिंबाच्या बागेत त्यांची घरटी मुद्दाम आणून टांगायचे, दीड हजार वर्षांहून जुनी पद्धत आहे. चावतात मात्र भयंकर, त्यामुळे लिंबू काढायला जाताना तुम्ही आणि चीन काय ते बघून घ्या.

बुंध्याच्या बेचक्यात भुशासारखी जाळी लोंबत असेल तर साल खाणारी अळी. जाळी झाडूने काढा, खाली छिद्र सापडेल, त्यात तार घालून अळी मारा, रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा घालून चिखलाने बुजवा.

फुलं येतात, लिंबू धरत नाही

फुलांचा बहुतेक सगळा सडा आणि वाटाण्याएवढी बरीच फळं गळणारच, त्याला गळ म्हणून रडू नका. पण लिंबूच धरत नसेल तर आधी ऊन मोजा, सहा तास लागतं, शेजारी नवा टॉवर उभा राहिला असेल तर कुठलंही खत उपयोगी पडणार नाही. मग नत्र जास्त झालं का बघा.

आपल्याकडे झाड वर्षभर थोडं थोडं फुलतं, जोर मात्र दोनदा, जून-जुलैचा मृग आणि जानेवारी-फेब्रुवारीचा आंबिया बहार. फुलापासून लिंबू तयार व्हायला पाच-सहा महिने, म्हणजे एप्रिलमध्ये, जेव्हा बाजारात लिंबू महाग असतं (२०२२ च्या एप्रिलमध्ये तर मुंबईत एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना गेलं), तेव्हा आपलं झाड रिकामं. बागायतदार त्यासाठी हस्त बहार धरतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलं आणतात, पण त्याला आधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो आणि मुंबईत पाऊसच ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो. मी मधला रस्ता काढते. दसऱ्यानंतर पाणी बंद, आच्छादन बाजूला, तीन-चार आठवडे. पानं दुपारी मलूल होतात, थोडी गळतात, घाबरायचं नाही. मग खत आणि पहिल्यांदा अर्धं पाणी, चार दिवसांनी पूर्ण. डिसेंबरात फुलं लागतात आणि मेमध्ये लिंबं हाताशी येतात, पन्ह्याच्या सिझनला सरबतही होतं. झाड आजारी असेल, डिंक्या असेल किंवा त्या पावसात पाणी तुंबलं असेल तर त्या वर्षी ताण अजिबात देऊ नका.

लिंबू गडद हिरव्याचं फिकट पोपटी झालं, साल गुळगुळीत पातळ झाली की काढा, पूर्ण पिवळं होईपर्यंत थांबलात तर रात्री गळून पडतं आणि शनिवारी सकाळी लिंबू-मिरचीवाला उचलून नेतो. ओढून तोडू नका, देठाचा बारीक तुकडा ठेवून कापा, नाहीतर देठाची जागा कुजते.

आणि आमच्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटची फाइल गेली काही वर्षं इकडून तिकडे फिरतेय, कधी पास होईल सांगता येत नाही. मोठं झाड उचलून नेणं आपल्याच्याने होत नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी गुटी बांधली. पेन्सिलीएवढी निरोगी फांदी, इंचभर साल गोल काढायची, भिजवलेलं शेवाळ (नर्सरीत स्फॅग्नम मॉस म्हणून मिळतं) मुठीएवढं लावायचं, वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं, दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात, मग खालून कापून कुंडीत. चारातल्या दोन जगल्या. ज्यांना घाई नाही त्यांनी बी लावलं तरी चालतं, कागदी लिंबाच्या एका बियेतून दोन-तीन रोपं येतात आणि त्यातली बरीचशी आईसारखीच निघतात, फळाला फक्त पाच-सहा वर्षं लागतात. गुटीच्या दोन कुंड्या सध्या विरारला नणंदेच्या गच्चीत आहेत, परवा फोन आला होता, एकीला कळी धरलीये.